टनामागे एक रुपया : वर्गणी, कर की दान?



दिवाळीत माझे सांगलीकडचे मामेभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वडोदऱ्याला आले होते. दांडिया बाजारातल्या घरी फराळ झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ते मागच्या हंगामाचे उसाचे बिल होते. "तू बँकेत आहेस ना, मग एवढं समजावून सांग," ते म्हणाले. वजन, दर, सोसायटीचे कर्ज, ठेव हे सगळे कळत होते. शेवटी "इतर कपात" असा एक आकडा होता. तो कशाचा, हे दादांना कारखान्याच्या कचेरीत दोनदा जाऊनही कळले नव्हते.

मी कॉमर्सचा माणूस. नावे टाकलेल्या प्रत्येक रकमेला व्हाउचर पाहिजे, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात. बँकेत एखाद्या खात्यातून पाच रुपये कारण न लिहिता वळते केले, तर खातेदार दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभा राहतो आणि त्याचे बरोबरच असते. मग शेतकऱ्याच्या बिलात "इतर" हा शब्द कसा चालतो?

उत्पादकाने आपल्या मालावर थोडी थोडी वर्गणी काढून धंद्याची जाहिरात आणि संशोधन करावे, ही कल्पना वाईट आहे असे कोणी समजू नये. एकट्या शेतकऱ्याला प्रयोगशाळा परवडत नाही आणि टीव्हीवर जाहिरातही करता येत नाही. हजारो जणांनी मिळून दोन्ही होते. आपल्या वडोदऱ्यातच विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, ती याच विचारावर. शेजारच्या आणंदला १९४६ पासून दूध उत्पादकांनी काय उभे केले, ते आपण रोज सकाळी पिशवी फोडताना पाहतो. अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून फलकावर आहे. तिचा खर्च शेवटी दूध घालणाऱ्या बाईच्याच पैशातून होतो. पण जाहिरातीचा खर्च उलाढालीच्या एक टक्क्याच्या आत ठेवतो आणि ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैशांच्या आसपास उत्पादकाला देतो, असे फेडरेशन जाहीरपणे सांगत आले आहे. वर्षअखेरीस गावातली मंडळी भावफेर किती मिळाला यावर भांडतात, कारण भांडायला आकडा समोर असतो.

दुसरे उदाहरण अंड्यांचे. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. व्यापारी पाडतील त्या भावाने अंडी विकणारे पोल्ट्रीवाले एकत्र आले, स्वतःचा भाव जाहीर करू लागले आणि स्वेच्छेच्या वर्गणीतून त्यांनी देशभर अंड्याची जाहिरात केली. ती ओळ आज लहान मुलांनाही पाठ आहे. त्यात कोणत्याही एका पोल्ट्रीचे नाव नव्हते, म्हणून फायदा सगळ्यांचा झाला.

परदेशात हे काम कायद्याने चालते. अमेरिकेत गोमांस उत्पादकांकडून विकलेल्या प्रत्येक जनावरामागे एक डॉलर घेतला जातो. तो धंदा आपला नाही आणि आपल्याला त्याचे अनुकरणही करायचे नाही, पण हिशोबाची पद्धत पाहण्यासारखी आहे. कायदा १९८५ चा, वसुली १९८६ पासून. पण १९८८ मध्ये उत्पादकांचे मतदान घेतले गेले आणि बहुमताने होकार मिळाल्यावरच ही वसुली कायम झाली. डॉलरमधला निम्मा भाग त्या त्या राज्याच्या मंडळाकडे राहतो. ऑस्ट्रेलियात कुरणावरच्या जनावरामागे पाच डॉलर ठरले, तेव्हा त्यातले ३ डॉलर ६६ सेंट बाजारपेठेसाठी, ९२ सेंट संशोधनासाठी आणि उरलेले जनावरांचे आरोग्य व अवशेष तपासणीसाठी, अशी फोड करून दिली गेली.

अमेरिकेतल्या काही पशुपालकांनी पुढे कोर्टात तक्रार केली की, आम्हाला न पटणाऱ्या जाहिरातीसाठी आमच्याकडून सक्तीने पैसे घेतले जातात. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ही जाहिरात म्हणजे सरकारचेच बोलणे आहे, त्यामुळे तक्रार टिकत नाही. हा निकाल आपण लक्षात ठेवावा. वर्गणीत सरकार शिरले की पैसे देणाऱ्याचा आवाज कमी होतो, मग देश कोणताही असो.

आता आपल्या उसाकडे येऊ. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झाली. वसंतदादांच्या निधनानंतर तिला त्यांचे नाव मिळाले. तिथे उसाच्या नव्या जाती, ऊती संवर्धनाची रोपे, माती परीक्षण, साखर तंत्रज्ञांचे शिक्षण अशी कामे चालतात. तिच्यासाठी गाळलेल्या प्रत्येक टनामागे एक रुपया जातो. महाराष्ट्रात हंगामानुसार आठ ते बारा-तेरा कोटी टन ऊस गाळला जातो, म्हणजे तितकेच कोटी रुपये. दादांचा ऊस साठ टन, त्यांचे साठ रुपये. चांगले बेणे मिळत असेल तर कोणता शेतकरी साठ रुपयांना नाही म्हणेल?

पण त्या एका रुपयाच्या मागून बाकीचेही रांगेत उभे राहिले. ३० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत मंत्री समितीची बैठक झाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचे टनामागे पाचाचे दहा रुपये झाले आणि पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी आणखी पाच रुपये आले. त्याआधीचे ऊसतोड कामगार महामंडळाचे दहा, साखर संघाचा एक, इन्स्टिट्यूटचा एक आणि साखर संकुलाचे पन्नास पैसे धरले की बेरीज साडेसत्तावीस रुपये होते. साठ टनांना १,६५० रुपये. त्यात संशोधनाचे साठ!

ओरड झाली, तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले की हे पैसे शेतकऱ्याच्या एफआरपीतून नव्हे, कारखान्याच्या नफ्यातून घ्यायचे आहेत. कायद्याच्या भाषेत हे खरे असेल. पण सहकारी कारखान्याचा मालक कोण? भाग घेतलेला ऊस उत्पादकच. डाव्या खिशातले काढले नाहीत, उजव्या खिशातले काढले, असे सांगितल्याने माणूस श्रीमंत होत नाही. पुढे त्याच ऑक्टोबरमध्ये इन्स्टिट्यूटच्या एका रुपयाचा विनियोग तपासण्याचा विषय सरकारने काढला आणि लगेच पक्षांची जुंपली. आमचे म्हणणे साधे आहे. तपासणी जरूर व्हावी, पण ती साडेसत्तावीस रुपयांची व्हावी, दरवर्षी व्हावी आणि संस्थेचा अध्यक्ष कोणत्या पक्षाचा आहे हे पाहून होऊ नये.

आमच्या मते यात तीन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात कोंबल्या आहेत. संशोधनाचा रुपया ही वर्गणी आहे. ती उत्पादकाकडे परत आली पाहिजे आणि त्याला तिचा हिशोब मिळाला पाहिजे. ऊसतोड कामगारांचे दहा रुपये हा धंद्याचा खर्च आहे. बीडहून बैलगाडी घेऊन येणाऱ्या, पोरंबाळं फडातच वाढवणाऱ्या जोडप्याचे ते देणे आहे आणि त्याला आमचा विरोध नाही. पूरग्रस्तांसाठी द्यायचे ते दान. पूर आलेल्या शेतकऱ्याला मदत झालीच पाहिजे, पण ती सरकारच्या तिजोरीतून किंवा राजीखुशीने व्हावी. सक्तीने घेतलेल्या दानाला आपल्याकडे कर म्हणतात आणि कर विधिमंडळात चर्चा करून बसवायचा असतो, बैठकीत नव्हे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. बिलावर "इतर" हा रकाना बंद करून प्रत्येक निधीचे नाव व रक्कम छापावी. संशोधनाच्या निधीचा जमाखर्च दरवर्षी मराठीत, प्रत्येक कारखान्याच्या सूचना फलकावर लावावा. आणि कोणतीही नवी वर्गणी बसवण्याआधी कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांचे मत घ्यावे.

वाचक म्हणतील, आपण वडोदऱ्यात राहतो, आपल्याला काय? आपल्यापैकी कितीतरी जणांचे नाव अजून गावच्या सातबाऱ्यावर आहे, कित्येकांच्या नावावर कारखान्याचा भाग आहे. सभेची नोटीस येते आणि आपण ती कपाटात ठेवतो. या वर्षी ठेवू नका. गावी भाऊ, काका, मामा जो कोणी ऊस घालतो, त्याला फोन करा आणि बिलातला शेवटचा रकाना वाचून दाखवायला सांगा. मंडळाच्या पुढच्या सभेत या तीन मागण्यांचा ठराव मांडावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे.

दादा जाताना ते बिल माझ्याकडेच ठेवून गेले. साठ रुपयांचे त्यांना दुःख नाही. आपल्या पैशांचा हिशोब मागायला गेलेल्या माणसाला दोनदा "उद्या या" ऐकावे लागले, याचे आहे.