भीतीवरचा उपचार तालुक्यात मिळावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व मा. जिल्हा शल्यचिकित्सक, धाराशिव

विषय : भयगंडांवरील बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, तालुका पातळीवर देण्याबाबत.

महोदय,

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याकडे घर शाबूत असूनही माणसं छताखाली निजायला धजत नव्हती. ती भीती सगळ्यांना कळली; ढिगारे समोर होते. आम्ही शिक्षक-पालक ज्या भीतीबद्दल लिहीत आहोत, ती दिसत नाही. तोंडी परीक्षेदिवशी पोट दुखणारा मुलगा, चारचौघांत घास न उतरणारी सून, सुईच्या धास्तीनं रक्ततपासणी टाळणारा मधुमेही. घरचे म्हणतात, लाजाळू आहे, लग्न झालं की मोकळा होईल.

टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती मुरते. सीबीटीत ‘लोक हसतील’ हा अंदाज कागदावर लिहून तो प्रत्यक्ष तपासतात : आधी दुकानात भाव विचारायचा, मग वर्गात एक प्रश्न, पुढे ग्रामसभेत दोन वाक्यं. सुई पाहून भोवळ येणाऱ्याचं तंत्र वेगळं. त्याचा रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून त्याला हातापायांचे स्नायू आवळायला शिकवतात. ‘अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो. सामाजिक भयगंड असलेल्या प्रौढांसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेनं 2013 मध्ये वैयक्तिक सीबीटीलाच पहिली पसंती दिली. कि. मो. फडके यांनी सीबीटीच्याच घराण्यातली, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणून तर जमाना झाला.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सीबीटीचं प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ ठरल्या वारी बसावा, आणि दर वेळी तोच असावा. हा उपचार दहा-बारा भेटींचा. माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. गर्दीला घाबरणाऱ्याला परंड्याहून भरल्या एसटीनं जिल्ह्याला बोलावणं म्हणजे शेवटची पायरी पहिल्याच दिवशी चढायला लावणं.

अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं. तसंच आशाताईंना भयगंड ओळखायला आणि सरावात सोबत करायला शिकवावं, मानधनासह. (नोंदवह्या त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.) टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 क्रमांक शाळांत लावावा, मात्र फोनवर बोलायलाच जो घाबरतो, त्याचं त्यावर भागणार नाही.

शाळांना लेखी कळवावं : अबोल मुलाला शिक्षा म्हणून वर्गापुढे उभं करू नये, तशी तोंडी परीक्षेतून कायमची सूटही देऊ नये.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा आमचा हक्क आहे. कोणत्या तालुक्यात, कोणत्या वारी, कोण बसणार, याचं वेळापत्रक येत्या 10 ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनापूर्वी जाहीर करावं.