गाळलेल्या कडव्यांचा हिशेब

गायकाने वा गीतकाराने आपल्या शब्दांना स्वतःच कात्री लावावी का, हा प्रश्न अधूनमधून चर्चेला येतो आणि 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' विरुद्ध 'संस्कृती' या ठरलेल्या रिंगणात फिरून जिथल्या तिथे थांबतो. आम्हांला या प्रश्नाची मांडणीच सदोष वाटते. शब्द बदलावा की नाही, हा नंतरचा भाग. तो बदलायला कोण सांगतो आणि त्या शब्दाने कोणाचे काय बिघडले, हे आधी विचारले पाहिजे.

आरंभ आमच्यापासूनच केलेला बरा. काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाने लावणीवर एक दिवसाचे चर्चासत्र घेतले. सकाळी निबंधवाचन, दुपारी संगीतबारीतील एका गायिकेचे गायन. आदल्या दिवशी आम्हीच त्यांना 'जरा सांभाळून' घ्यायला सुचवले. 'कोणती कडवी गाळू तेवढं सांगा, सर. आम्हांला सवय आहे,' एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही यादी दिली. प्रत्यक्ष गाणे ऐकताना ध्यानात आले, की आम्ही गाळलेल्या प्रत्येक कडव्यात स्त्री स्वतःची इच्छा बोलून दाखवत होती. उरली होती ती शालू, पैठणी आणि नथीची वर्णने. त्याच सकाळी आमच्यातील एकाने लावणीतील 'स्त्रीच्या मुक्त उद्गारा'वर निबंध वाचला होता. त्याला टाळ्याही मिळाल्या होत्या.

ही खोड आमची एकट्यांची नव्हे. होनाजीची भूपाळी आपण देवघरात नेली, १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' काढून ती घरोघर पोचवली. त्याच होनाजीच्या शृंगारिक लावण्या मात्र आम्हांला विद्यार्थिदशेत टिंबे आणि फुल्यांसह वाचाव्या लागल्या. राम जोशी यांच्याबाबतीतही तेच. त्यांचे वेदान्तपर कवन वर्गात मोठ्याने वाचायचे, शृंगार 'कालसापेक्ष' म्हणून उरकायचा. कवी एकच, त्याचे दोन तुकडे पाडले ते वाचकांच्या प्रतिष्ठेने.

यावर कोणी म्हणेल, मग गीतात काहीही चालवून घ्यायचे काय? स्त्रीची विटंबना, जातीचा उपहास, तेही? नाही. येथेच भेद करावा लागतो. २००७ साली 'आजा नचले'च्या शीर्षकगीतात मोची समाजाला हिणवणारा उल्लेख आहे, असा आक्षेप आला; उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावर बंदी घातली, निर्मात्यांनी क्षमा मागून ते शब्द काढले. बंदीचे समर्थन आम्ही करणार नाही, पण शब्द काढले ते योग्यच झाले. २०२२ साली अमेरिकी गायिका लिझो हिने एका गाण्यातील शब्द अपंगांना लागतो हे कळताच तो बदलून गाणे पुन्हा प्रसृत केले. याला आम्ही सेन्सॉरशिप म्हणत नाही. ज्याला शब्दाचा मार बसला त्याने हाक दिली आणि लिहिणाऱ्याने ती ऐकली. हे पुनर्लेखन आहे, आणि प्रत्येक प्रामाणिक कवी ते करत आला आहे.

याच्या उलट १९९३ सालचे 'चोली के पीछे' आठवा. गाण्यावर अश्लीलतेचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. तक्रार कोणा घायाळाची नव्हती, बिथरलेल्या सभ्यतेची होती. आणि एप्रिल २०२३ मध्ये राजकारण्यांवर टीका करणाऱ्या रॅपगीतांवरून महाराष्ट्रात दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा दुखावली होती ती सत्ता. दुबळ्याचे दुखणे आणि बलवानाचा अहंकार यांना 'भावना दुखावल्या' या एकाच सदरात कोंबणे ही या वादातली खरी लबाडी आहे.

कायद्याची कात्री निदान दिसते तरी. १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा रद्द होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. नाट्यसंहितांच्या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकरांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. पण सुपारी जाऊ नये म्हणून कलावंत स्वतःच्या मनात जी कात्री चालवतो, तिला आव्हान कोणत्या न्यायालयात द्यायचे? तिथे ना आदेश असतो, ना सही. शिवाय तिने साधते काय? शब्द गाळल्याने आशय मरत नाही, तो आडवाटेने येतो. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी गाण्यांची सारी कारागिरी सेन्सॉरच्या डोळ्यांदेखतच बहरली. उघड शृंगाराला मज्जाव केला, की चोरटा शृंगार फोफावतो.

म्हणून संगीतकारांना आमचे सांगणे असे: ज्याला तुमचा शब्द लागला तो समोर आला, तर त्याचे जरूर ऐका आणि पटले तर शब्द बदला. बदल केला हे उघड सांगा. मात्र आमच्यासारखे आयोजक, खुर्चीवरले पाहुणे आणि सत्तेचे भाट यांनी 'जरा सांभाळून' म्हटले, तर सांभाळू नका.

आणि आम्हा प्राध्यापकांना? आमच्या विभागाच्या कपाटात त्या चर्चासत्राची ध्वनिफीत आहे. पुढच्या लावणीच्या तासाला ती लावून, काय गाळले आणि कोणी गाळले, हे विद्यार्थ्यांना सांगावे, असे आम्ही ठरवले आहे. त्या बाईंना पुन्हा बोलवायचे आहे. या वेळी यादी त्या देतील.