केबल बंद केल्यानंतरची सायंकाळ

गेल्या कांहीं वर्षांत निगडी-प्राधिकरणापासून चिंचवड, भोसरी आणि थेट चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या पट्ट्यांत आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांनीं घरची केबल बंद केली आहे. कारण विचारलें असतां उत्तर बहुधा एकच मिळतें : "पैसे कशाला द्यायचे? सगळें मोबाईलवर दिसतेंच." दुसरें कारण मुलांच्या अभ्यासाचें, आणि तिसरें, जें फारसें मोठ्यानें सांगितलें जात नाहीं तें, मालिकांच्या कंटाळ्याचें. तिन्ही कारणें खरीं आहेत, आणि केबलची वकिली करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु या व्यवहाराचा जमाखर्च मांडतांना बहुतेक घरें रुपयांचा आकडा तेवढा मांडतात. सायंकाळचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. तो मांडून पाहावा, एवढ्याचसाठीं आजचें हें टिपण.

प्रथम रुपयांकडेच पाहूं. १ फेब्रुवारी २०१९ पासून केबलची नवी दरपद्धति अमलांत आली. तींत शंभर वाहिन्या घरीं पोंचविण्याचें मूळ भाडें जास्तींत जास्त १३० रुपये ठरलें. त्यावर १८ टक्के कर धरला म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होत. सशुल्क वाहिन्यांची किंमत या रकमेंत धरलेली नव्हती. ती वेगळी मोजावी लागे. पुढें २०२० सालीं तेवढ्याच भाड्यांत २०० वाहिन्या देण्याचें ठरलें, आणि जुलै २०२४ मध्यें भाड्यावरील ती कमाल मर्यादाच उठविण्यांत आली. 'जें पाहाल त्याचेच पैसे द्या' हें या पद्धतीचें तत्त्व. तिचा एक परिणाम मात्र ध्यानांत घेण्यासारखा आहे. आपण खरोखर किती वाहिन्या पाहतों, याची मोजदाद गृहिणींनीं त्या निमित्तानें प्रथमच केली. उत्तर पांच-सहा असें आलें, आणि मग एवढ्यासाठीं ही तार हवी तरी कशाला, हा प्रश्न आपोआपच उभा राहिला.

ही तार घरांत आली कशी, तें तरुण वाचकांना ठाऊक नसेल. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शनचें मुंबई केंद्र सुरू झालें आणि दुसऱ्याच वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें त्याचे कार्यक्रम पुण्याच्या बाजूस दिसूं लागले. वाहिनी एक, टेलिव्हिजनचा संच गल्लींत एखादा, आणि प्रेक्षक जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत बसलेले. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, पण तो कारखान्यांतला कामगारही पाही. कारण त्या वेळीं दुसरें कांहीं लागत नसे, आणि त्यांत मागें राहिलेलें त्याचें गांव दिसे. चिं. वि. जोशींचे जे चिमणराव घरोघर पुस्तकांतून वाचले गेले होते, ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस पडद्यावर चालूं-बोलूं लागले. २५ जानेवारी १९८७ रोजीं 'रामायण' सुरू झालें, तेव्हां रविवारच्या सकाळीं रस्ते ओस पडत. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास परदेशी वाहिन्या छत्रीनें उतरवून तारेनें घरोघर देण्याचा धंदा शहरांतून वाढला. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी वाहिनी आली. गल्लींतला एखादा तरुण गच्चीवर छत्री बसवी, झाडांवरून आणि खांबांवरून तार ओढी, आणि महिन्याच्या आरंभीं वही घेऊन दारांत उभा राही. १९९५ सालीं या धंद्यासाठीं कायदा झाला. पुढें डिजिटल पेटी सक्तीची झाली. पुणें व पिंपरी-चिंचवड यांसह दुसऱ्या टप्प्यांतील शहरांसाठीं ३१ मार्च २०१३ ही मुदत होती.

म्हणजे चाळीस वर्षें आपल्या घरांतील करमणुकीची वेळ दुसरेंच कोणी ठरवीत आलें. साताला अमुक, साडेसाताला बातम्या, नवाला तमुक. त्याप्रमाणें कुकर लागे, पानें मांडलीं जात आणि पाहुण्यांची ये-जा होई. साधारण शहरांत हें निभून जाई. आपल्या या भागांत मात्र घड्याळ वेगळें आहे. येथें एका आठवड्यांत पहिली पाळी, दुसऱ्यांत दुसरी, तिसऱ्यांत रात्रपाळी. कंपनीची बस पहांटे चौकांत उभी असते, तशीच मध्यरात्रींही. पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारीं नसून गुरुवारीं असते. ज्या घरचा कर्ता पुरुष महिन्यांतील निम्म्या संध्याकाळीं घरीं नसतो, किंवा असला तरी झोंपलेला असतो, त्या घरानें एकत्र बसून कांहीं पाहणें हा योगच दुर्मिळ.

आमच्या ओळखीचें चिंचवडचें एक कुटुंब आहे. मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत पाळ्यांवर, सून शाळेंत शिक्षिका, दोन मुलें, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मोठ्या मुलाचें दहावीचें वर्ष आलें आणि केबल बंद करण्याचें ठरलें. निर्णय मुलाचा व सुनेचा. तो घेतांना त्यांनीं सासूबाईंनाही विचारलें. त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय? मला कांहीं नको." पेटी परत गेली. टेलिव्हिजनला इंटरनेट जोडण्यांत आलें.

तीन महिन्यांनीं सूनबाई आम्हांस सांगत होत्या. मुलाचा अभ्यास थोडा सुधारला. यजमान रात्रीं बाराला घरीं आले तरी आपल्या सोयीनें बातम्या पाहूं लागले. एका गुरुवारीं तर दुपारीं बापलेकांनीं एक जुना मराठी चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत एकत्र पाहिला. असें गेल्या चार वर्षांत घडलें नव्हतें. परंतु सासूबाई संध्याकाळीं लवकर अंथरुणाला टेकूं लागल्या होत्या. जुन्या पेटीच्या रिमोटवर आंकडे असत, आणि आपल्या मालिकेच्या वाहिनीचा आंकडा त्यांस तोंडपाठ होता. आतां नांव शोधावें लागे, एकेक अक्षर बाणानें टिपावें लागे, आणि मध्येंच पडदा 'कोण पाहात आहे?' असें विचारी. नातवाला हांक मारावी तर तो अभ्यासांत. सुनेला मारावी तर ती वह्या तपाशींत. दोन-चार वेळां त्यांनीं हांक मारली, मग सोडून दिली. त्यांची धाकटी बहीण वाईस असते. दोघींचें रोज रात्रीं फोनवर बोलणें होई, आणि त्यांतील निम्मी चर्चा त्या मालिकेंतल्या सुनांची असे. तें बोलणेंही आंखडलें. मालिका बंद पडली एवढेंच झालें नव्हतें. बहिणीशीं बोलण्याचा विषय संपला होता.

मालिकांच्या दर्जाविषयीं आमचें मत फारसें चांगलें नाहीं, हें नियमित वाचक जाणतातच. पण मालिका वाईट म्हणून ती पाहणाऱ्याची संध्याकाळही फुकट, असें अनुमान काढणें अन्यायाचें आहे. दिवसभर ज्यांच्याशीं कोणी चार वाक्यें बोलत नाहीं, त्यांना सातच्या ठोक्याला ओळखीचीं माणसें भेटत होतीं. दिवेलागण झाली, देवाजवळ निरांजन लागलें, आणि मग मालिका, असा त्या दिवसाला एक क्रम होता. वृद्ध माणसाला पैशापेक्षां क्रमाचा आधार मोठा असतो. आणि आपल्या घरांतील वृद्ध स्त्रीच्या तोंडचें "मला कांहीं नको" हें वाक्य संमति म्हणून धरणें, यासारखी सोयीची समजूत दुसरी नाहीं. आयुष्यभर तिनें तें लुगड्याविषयीं म्हटलें, औषधाविषयीं म्हटलें, तीर्थयात्रेविषयींही म्हटलें. दर वेळीं आपण तें खरें मानलें, कारण तें खरें मानणें आपल्याला स्वस्त पडत होतें.

गृहिणींविषयींही दोन शब्द. पूर्वीं ती स्वस्थ बसून टेलिव्हिजन क्वचितच पाही; तिच्या हातांत भाजी निवडण्याची परात असेच. पण ती निदान बैठकीच्या खोलींत, चार माणसांत असे. आतां मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून ती ओट्यापाशीं एकटीच पाहते. मुलगी कानांत बोंडें घालून पलंगावर पाहते. मुलगा अभ्यासाच्या नांवाखालीं तिसऱ्याच खोलींत पाहतो. एका तारेच्या जागीं चार पडदे आले. शिवाय जुनें दूरदर्शन रात्रीं आपण होऊन संपत असे. इंटरनेटवरचा कार्यक्रम एक भाग संपतांच आपण होऊन पुढचा लावतो. थांबा, असें सांगणारें आतां बाहेरचें कोणी उरलें नाहीं. वेळेची मुखत्यारी घराकडे आली, हें उत्तमच झालें. पण घरानें ती वापरली नाहीं तर ज्याच्या हातीं मोबाईल त्याच्याकडे ती जाते.

तेव्हां केबल बंद करूं इच्छिणाऱ्यांस आमच्या कांहीं व्यवहारी सूचना आहेत. पहिली, गच्चीवरचा जुना ॲल्युमिनियमचा अँटेना पुन्हा उपयोगी पडेल अशी आशा धरूं नये. त्या पद्धतीचीं दूरदर्शनचीं बहुतेक सर्व प्रक्षेपणकेंद्रें २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बंद झालीं. आतां तो अँटेना कावळ्यांना बसण्यापुरता राहिला आहे.

दुसरी, घरांत वृद्ध माणूस असेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशचा विचार अवश्य करावा. १६ डिसेंबर २००४ रोजीं 'डीडी डायरेक्ट प्लस' या नांवानें ही सोय सुरू झाली. छत्री व पेटी एकदांच विकत घ्यावी लागते. पुढें मासिक भाडें नाहीं. सह्याद्रि वाहिनी तींत आहेच. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानें दिल्या जात असल्यामुळें त्यांची यादी मात्र बदलत असते, आणि ज्या मालिकांची घरोघर चर्चा चालते त्यांपैकीं बहुतेक सशुल्क वाहिन्यांवर असल्यामुळें तेथें मिळत नाहींत, हें आधींच जाणून असावें. छत्री बसवितांना दिशा पाहावी लागते. ज्या उपग्रहावरून हे कार्यक्रम येतात तो विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे, आणि आपल्या भागांतून तो आग्नेयेच्या आकाशांत बराच उंच येतो. ज्यांच्या सज्जासमोर आग्नेयेस दुसरी इमारत उभी आहे, त्यांनीं सोसायटीच्या गच्चीवर जागा मागावी. मुख्य लाभ हा कीं, या पेटीच्या रिमोटवर आंकडे असतात. आंकडा दाबला कीं वाहिनी लागते, नांव शोधण्याची यातायात नाहीं.

तिसरी, इंटरनेटवरील खर्चाची वही वेगळी ठेवावी. क्रिकेट एका ठिकाणीं, मालिका दुसऱ्या, चित्रपट तिसऱ्या. शिवाय वायफायचें भाडें. केबलचे वांचलेले पैसे चार वाटांनीं जात आहेत असें वर्षाअखेरीस आढळलें, तर काटकसर कोठें झाली? प्रसार भारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें 'वेव्हज्' नांवाची स्वतःची सोय सुरू केली आहे, आणि सह्याद्रि वाहिनीचे कार्यक्रम यूट्यूबवरही मिळतात. विकतची वर्गणी भरण्यापूर्वीं हें एकदां पाहून घ्यावें.

चौथी, आठवड्यांतील एक वेळ सर्वांनीं मिळून ठरवावी. या भागांत ती गुरुवारचीच असावी असें आम्हांस वाटतें. त्या संध्याकाळीं पडदा एकच, तो बैठकीच्या खोलींतला, आणि काय पाहावयाचें तें पाळीपाळीनें एकेकानें ठरवावें. आजींची पाळी आली म्हणजे त्यांची मालिका सर्वांनीं पाहावी. नाक मुरडूं नये. जी खरोखर वांचेल ती रक्कम दिसेल अशा ठिकाणीं खर्चावी. चिंचवडचें रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचें आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचें अंकुशराव लांडगे नाट्यगृह हीं कांहीं दूर नाहींत. तीन-चार महिन्यांच्या बचतींत एक नाटक होतें, आणि त्याची चर्चा वाईच्या बहिणीशीं फोनवर आठवडाभर पुरते.

चिंचवडच्या त्या घरीं पुढें काय झालें, तें विचारण्याचा वाचकांस अधिकार आहे. सूनबाईंनीं सासूबाईंच्या खोलींत जुना लहान संच ठेवून त्याला फ्री डिश जोडून दिली, आणि वाईच्या मावशींकडेही तीच बसविली. जुनी मालिका तेथें नव्हती. पण दोघी आतां एकच कार्यक्रम पाहतात आणि रात्रीं त्यावर बोलतात. यजमान दुसऱ्या पाळीवर असतात त्या आठवड्यांत नातूही अर्धा तास आजीजवळ येऊन बसतो. तो मोबाईल घेऊनच येतो, ही तक्रार अद्याप कायम आहे.

ज्या घरीं केबल बंद करण्याचा विचार चालू असेल, त्यांनीं पेटी परत करण्यापूर्वीं केबलवाल्याचें देणें चोख चुकवावें. तो आपल्याच गल्लींतला आहे, आणि भर पावसांत तार जोडून देण्यास तोच आला होता. आणि त्याआधीं एक करावें. घरांत जी व्यक्ति सर्वांत अधिक वेळ असते, तिला आज रात्रीं जेवतांना विचारावें. तिनें "मला कांहीं नको" म्हटलें, तर उद्यां पुन्हा विचारावें.