विश्लेषण : कर्जमाफी झाली, तरी ‘सिबिल’वर थकबाकी का दिसते?

पुणतांब्याच्या (ता. राहाता) शेतकऱ्यांनी १ जून २०१७ रोजी संप पुकारला आणि त्याच महिन्यात सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी योजना आली. पात्र खात्यांवरची बाकी मिटली. मात्र ट्रॅक्टर किंवा घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर जुनी थकबाकी अजूनही आडवी येऊ शकते. कारण बाकी आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंद पुसता येते का?

हप्ता खरोखरच उशिरा भरला असेल, तर नाही. ‘सिबिल’च्या अहवालात खात्याचा ३६ महिन्यांपर्यंतचा परतफेडीचा इतिहास दिसतो आणि उशीर किती दिवसांचा, हेही दिसते. पैसे घेऊन ‘सिबिल क्लीन’ करून देणारे एजंट या नोंदीला हात लावू शकत नाहीत. पॅन, आधार आणि ओटीपी मात्र त्यांच्या हाती जातो.

खात्यावर ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ असा शेरा असेल तर प्रकरण वेगळे. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने कमी रक्कम घेऊन विषय संपवला, असा अर्थ पुढची बँक काढते. २०१७ च्या योजनेत दीड लाखावरची रक्कम स्वतः भरणाऱ्यांसाठी एकवेळ समझोता होता. अशा खात्यात सरकारचा आणि शेतकऱ्याचा वाटा मिळून बँकेची पूर्ण रक्कम वसूल झाली असेल, तर ‘सेटल्ड’ का लिहिले, हे शाखेला लेखी विचारायलाच हवे.

चूक असेल तर?

बेबाकी दाखला हातात असूनही खाते थकीत दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढणे, या दुरुस्त होणाऱ्या चुका. जामीनदारांनीही अहवाल पाहावा. ज्याला जामीन राहिलो त्याचे कर्ज आपल्याही अहवालात येते. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

कंपनी बँकेला विचारल्याशिवाय नोंद बदलत नाही. त्यामुळे कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली, तरी दाखल्याची प्रत जोडून शाखेतही अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे. मुदत उलटल्यास रोज १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणजे ५० व्या दिवशी दुरुस्ती झाली, तर २,००० रुपये. बँकेने २१ दिवसांत माहिती दिली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. दिली आणि तरीही कंपनी थांबली, तर कंपनीने.

पीक कर्जाचे काय?

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. पण तो पीक कर्जापुरता. ट्रॅक्टर, घर, दुकानाच्या कर्जाला अहवाल पाहिला जातोच.

दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणे बंधनकारक आहे. ते पटले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी क्रमांक १४४४८. शाखेची पोच तिथे लागेल.