शोण कुठे गेला?

कुमारांसाठी अभिजात कादंबऱ्या आणि पुराणकथा नव्याने लिहून छापणाऱ्या लेखक, संपादक, चित्रकार आणि प्रकाशकांना,



हे पत्र कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीहून लिहितो आहे. ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे हे गाव तुम्हाला ऐकून माहीत असेल. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच कलांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारत पुन्हा पुन्हा सांगणं हेच ज्या गावाचं काम, तिथला माणूस जुनी गोष्ट नव्याने सांगण्याच्या विरोधात कसा असेल? माझी तक्रार वेगळी आहे. गोष्ट आटोपशीर करताना तुम्ही तिच्याभोवती जे जग उभं करता, ते मला अस्वस्थ करतं.

‘मृत्युंजय’चं उदाहरण घेतो. शिवाजी सावंतांची कर्णावरची ही कादंबरी १९६७ची. तिच्यात कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडून बोलतात. यातला शोण हा कर्णाला वाढवणाऱ्या अधिरथ आणि राधेच्या पोटचा, म्हणजे खरा सूतपुत्र. सावंतांनी त्याला राजेराण्यांच्या पंगतीत बसवून बोलायला लावलं. कर्णावरची जी कुमार-पुस्तकं माझ्या हाती आली, त्यांत शोण एक तर नाहीच, किंवा दादाच्या मागेमागे फिरणारं पोर म्हणून दोन ओळींत संपतो.

पानं वाचवायला त्याला वगळलं असेल, पण त्याच्याबरोबर गोष्टीचा अर्थच बदलला. आता उरतं ते असं: कर्णावर अन्याय झाला, कारण तो मुळात क्षत्रिय होता. कवचकुंडलं जन्माने, तेज जन्माने, धनुर्विद्याही जणू रक्तातूनच आली. मग ज्याच्या रक्तात असं काही नाही, त्या शोणाला हस्तिनापूरच्या आखाड्यातून हाकललं असतं तर ते योग्य ठरलं असतं का? तेरा वर्षांची मुलगी हा प्रश्न विचारत नाही. ती उत्तर गृहीत धरून पान उलटते. तुमच्या नव्या अद्भुतकथांतही तेच येतं: कुळाप्रमाणे शक्ती, कुळाप्रमाणे स्वभाव, आणि अखेरीस नायक गुप्त राजपुत्र निघतो. जातीचं नाव न घेता जात शिकवण्याची ही सोपी रीत झाली.

कर्णाच्याच गोष्टीतला अश्वसेन बघा. शेवटच्या युद्धात कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाकडे झेपावणारा नाग. कुमार-पुस्तकात तो नुसता विषारी, कपटी. पण महाभारतात त्याला कारण आहे. खांडववन जाळताना कृष्ण आणि अर्जुन बाहेर पडू पाहणाऱ्यांना मारत होते. त्यात अर्जुनाच्या बाणाने अश्वसेनाची आई मेली, हा कसाबसा सुटला. त्या दाहानंतरच पांडवांची मयसभा उभी राहिली. ‘मृत्युंजय’ आली त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाहाची ही हिंसा उघड्या डोळ्यांनी वाचून दाखवली. इतकी वर्षं झाली, तरी आईचा सूड घ्यायला आलेला मुलगा आमच्या पोरांना जन्मतःच दुष्ट म्हणून भेटतो. चित्रांत तर रानातला प्रत्येक जण काळा, केस पिंजारलेला, दात विचकलेला. नगरातला प्रत्येक जण गोरा. इथल्या वर्गात ठाकर मुलं बसतात. त्यांनी त्या पानावर स्वतःला कुठे शोधायचं?

मूळ कथेतच तसं आहे, हे उत्तर मला मान्य नाही. वि. स. खांडेकर आमच्याच जिल्ह्यात शिरोड्याला १९३८पर्यंत शिक्षक होते. त्यांच्या ‘ययाति’त (१९५९) असुरकन्या शर्मिष्ठा, जी दासी होते, तीही ययाति आणि देवयानीच्या बरोबरीने स्वतःची गोष्ट सांगते. जुन्या कथेत कोणाला बोलू द्यायचं हे लिहिणारा ठरवतो, आणि जे ठरवलं त्याची जबाबदारीही त्याचीच.

चित्रकथीच्या पोथीतल्या राक्षसांनाही सुळे आहेत, ते मी लपवत नाही. पण चित्रकथी एकेक चित्र धरून, वीणा-हुडुक-टाळांच्या साथीत, लोकांसमोर बसून सांगतो. पोराने मध्येच विचारलं, ह्याला का मारलं, तर त्याला तिथेच तोंड द्यावं लागतं. छापील पुस्तकाला कोणी असं अडवत नाही. म्हणून ते प्रश्न तुम्ही छापण्याआधी स्वतःला विचारायला हवेत.

कर्णाच्या पुढच्या आवृत्तीत शोणाला एक पूर्ण प्रकरण द्या. अश्वसेनाची आई दोन परिच्छेदांत का होईना, येऊ द्या. रानातल्या माणसांना नावं द्या, घरं द्या. चित्रकाराला रंग ठरवून देताना तो का, हे संपादकाने लिहून ठेवावं. आणि मजकूर पक्का होण्याआधी आदिवासी पाड्यांवरच्या, भटक्या वस्त्यांवरच्या सातवी-आठवीच्या मुलांना वाचायला द्या, त्यांच्या वाचनाचे पैसेही द्या. पिंगुळीत यायचं ठरवलंत तर मुलं गोळा करायचं काम मी करीन.

आपला,
पिंगुळीतील एक वाचक