इंजेक्शन पखालीला

मार्च महिना जवळ आला की आमच्या आयटी कंपन्यांमधे एक सण येतो. जांभळे फुगे, लॉबीत रांगोळी, प्रत्येकीच्या डेस्कवर एक गुलाब आणि दुपारी कॉन्फरन्स रूममधे तीन तासांचं वर्कशॉप. विषय ठरलेला: स्वतःवर विश्वास ठेवा, लीडर बना. आवाज खणखणीत ठेवा, सारखं 'सॉरी' म्हणू नका, आरशासमोर उभं राहून 'मी करू शकते' म्हणा. शेवटी ग्रुप फोटो, फीडबॅक फॉर्म आणि सामोसे. मी आत्तापर्यंत अशी चार वर्कशॉप्स केली आहेत. सामोसे चांगले असतात.

गंमत सोडा. माझं मत आधीच सांगून टाकते. कोचिंग ही गोष्ट वाईट नाही. पण आपल्याकडे ते ज्या पद्धतीने दिलं जातं, तो 'आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला' असला प्रकार आहे. (पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरची पाण्याची चामडी पिशवी. आजीला विचारा.)

आधी त्या आरशाचं बघू. हात कमरेवर ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहायचं, की अंगात आत्मविश्वास येतो, असं बहुतेक वर्कशॉपमधे शिकवतात. याचं मूळ २०१० सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. त्यात माणसं होती फक्त ४२. २०१५ मधे दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग २०० जणांवर केला. तेव्हा लोकांना 'जरा भारी वाटलं' एवढंच निघालं, हार्मोन्स वगैरे काही बदलले नाहीत. २०१६ मधे तर मूळ प्रयोग करणाऱ्यांपैकीच एक, डेना कार्नी, यांनी आपला त्या परिणामावर आता विश्वास नाही असं जाहीर सांगितलं. आपण मात्र अजून उभ्याच!

दुसरं लाडकं वाक्य म्हणजे 'बायका शंभर टक्के अटी पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करत नाहीत, कारण आत्मविश्वास नसतो'. टॅरा मोर नावाच्या बाईंनी २०१४ मधे हजाराहून जास्त नोकरदार स्त्री-पुरुषांना सरळ विचारलं, की बाबांनो, तुम्ही अर्ज का केला नाहीत? 'काम नीट जमणार नाही असं वाटलं' हे मुख्य कारण देणाऱ्या बायका साधारण १० टक्के, आणि पुरुष साधारण १२ टक्के. सगळ्यात जास्त लोकांचं उत्तर वेगळंच होतं: अटी पूर्ण होत नाहीत म्हणजे घेणार नाहीत, मग वेळ कशाला घालवा?

हे मला लगेच पटलं. आपलं कॅंपस आठवा. '६० टक्के हवेत' म्हणजे ६०च. ५९.८ वाल्याला दारातूनच परत. अशा शिस्तीत वाढलेल्या मुलीला नोकरीच्या जाहिरातीतली आठ वर्षांची अट ही अट नसून इच्छा असते, हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. ही माहितीची कमतरता आहे. ती पाच मिनिटांत भरून निघते, त्यासाठी आरसा लागत नाही.

आता खरा मुद्दा. मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं? वाढदिवसाचा केक कोण आणतं? नवीन फ्रेशरला कोण शिकवतं? तुमच्या टीममधे बघा आणि मग पुढे वाचा.

२०१७ मधे लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग छापले. अनोळखी तिघांचा गट, दोन मिनिटांत कोणीतरी एक बटण दाबायचं, पण दाबणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा कमी पैसे. मिश्र गटात बायकांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा दाबलं. पण सगळ्या बायकाच असतील किंवा सगळे पुरुषच असतील, तर फरकच उरला नाही! म्हणजे 'बायकांचा स्वभावच तसा' हे खोटं. समोर बाई आहे म्हटल्यावर ती करेल, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं. पुढच्या प्रयोगात एकाने दुसऱ्याला काम सांगायचं होतं, तेव्हा बायकांना ४४ टक्के जास्त वेळा सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांत बायकाही होत्या बरं का.

वर्षभर हे केलं की अप्रेझलमधे ऐकायला मिळतं, 'व्हिजिबिलिटी कमी पडते'.

आमच्यातलीच एक, आठ वर्षांचा अनुभव, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपवून परत आली. तिचं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं. 'तुला लोड नको म्हणून.' तिला विचारलं कोणी? नाही. वर तीन महिन्यांनी तिचं नाव लीडरशिप ट्रेनिंगला गेलं, कारण ती मीटिंगमधे गप्प असते. कॅंटीनमधे मला म्हणाली, "माझा कॉन्फिडन्स कमी नाही झाला गं, काम कमी झालंय." यावर कुठला कोच काय बोलणार?

तरी कोचिंग उपयोगी पडतं असं मी का म्हणते? कारण मला ते मिळालंय. माझी पहिली टीम लीड सोलापूरची, कमी बोलणारी. क्लायंट कॉलच्या आधी अर्धा तास बसवून क्लायंट विचारेल ते सगळे तिरके प्रश्न तिने मला विचारले. मग म्हणाली, "पहिली दहा मिनिटं तू बोलायचं. अडकलीस तर मी आहे." माझा घसा कोरडा पडला होता, पण बोलले. नंतर तिचे दोनच प्रश्न: काय बरं झालं, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करशील? असं तीनदा झालं. चौथ्या कॉलला ती आलीच नाही. आणि ज्या खोलीत रेटिंग ठरतं, जिथे मी नव्हते, तिथे तिने माझं नाव घेतलं.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. सल्ले देणारे ढीगभर मिळतात. आपल्यासाठी शब्द टाकणारं माणूस मिळत नाही.

कोणी म्हणेल, आधी आत्मविश्वास हवा, मग पद. आपल्याच देशातलं उलटं उदाहरण घ्या. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात सरपंचपद बायकांसाठी कुठे राखीव हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं. त्या गावांचा अभ्यास २०१२ मधे 'सायन्स' मासिकात आला. ज्या गावांत दोन निवडणुकांत पद राखीव होतं, तिथे मुलींच्या आणि मुलांच्या महत्त्वाकांक्षेतलं अंतर घटलं, शिक्षणातलं तर पुसलंच गेलं. त्या मुलींना कोणी वर्कशॉप दिलं नव्हतं. त्यांनी रोज एक बाई गाव चालवताना पाहिली, एवढंच.

तेव्हा मॅनेजर मंडळी, बजेट उरलं असेल तर कोच जरूर आणा. पण त्याआधी फुकटातली चार कामं करा. मिनिट्सची पाळी लावा, पुरुषांसकट. बढतीचे निकष लिहून सगळ्यांना पाठवा. 'नाव द्या' म्हणण्याऐवजी पात्र असलेल्या सगळ्यांची नावं धरा, ज्याला नको तो नाही म्हणेल. आणि रजेवरून परतणारीला काय हवंय, ते तिलाच विचारा.

आणि मुलींनो, पुढच्या वर्कशॉपला जा, पण आलेल्या बाईंना एक प्रश्न नक्की विचारा: हेच आमच्या मॅनेजरना कधी शिकवणार?