चेंडू दिला, कर्णधारपद नाही

क्रिकेटचा सामना लागला की आपल्या घरातही कामधंदा बाजूला राहतो. पण पुण्याच्या मैदानावर घडलेले पालवणकर बाळू किती मुलांना ठाऊक आहेत?

बाळू चर्मकार समाजातले, जन्म १८७६ चा. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे साहेबलोकांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची; बॅट मात्र हाती मिळत नसे. त्या राबण्यातून डाव्या हाताचा नामांकित फिरकी गोलंदाज तयार झाला.

गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेत, म्हणून पुण्यातल्या हिंदू मंडळींनी त्यांना संघात घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत. चहा मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक कधी झाली नाही.

१९२० साली याच वादात धाकटे भाऊ शिवराम व विठ्ठल निषेध म्हणून संघाबाहेर पडले. मग बाळूंना उपकर्णधार करावे लागले आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. अमेरिकेत बास्केटबॉलपटू बिल रसेल यांनीही हेच केले. १९६१ साली हॉटेलात काळ्या सहकाऱ्यांना खायला नाकारले, तेव्हा ते सारे सामना न खेळताच परतले. १९६६ साली रसेल बोस्टन संघाचे प्रशिक्षक झाले. नुसत्या गुणांनी मान मिळत नाही, त्यासाठी एकजुटीने अडून बसावे लागते.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व हरले. म्हणून त्यांचे नावच घ्यायचे नाही काय? तसे करू नये. त्यांची वाट चुकली हे मुलांना स्पष्ट सांगावे. त्यांनी सोसले आणि मिळवले तेही सांगावे.

आपला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघात आली की पेढे जरूर वाटा. पण कर्णधार कसा निवडला, डबा कुणासोबत बसून खाल्ला, हेही विचारा. काही वावगे दिसले तर लेकराला एकटे झुंजायला लावू नका. चार पालक मिळून शाळेत जा.

जयभीम!